ए ग्रेडवाला बाप

नेपरव्हिल आणि आसपासच्या चार गावांत असं एकही मराठी घर सापडणार नाही, जिथल्या डायनिंग टेबलावर कोपरं टेकून मी "तुमची मुलगी इंजिनिअर होणार नाही" हे वाक्य उच्चारलेलं नाही. काही घरांत त्यानंतर चहा आला. काही घरांत आला नाही. एका घरात तर येत असलेला चहा स्वयंपाकघराच्या दारातूनच मागे फिरला. वेलची घातलेला होता, वास माझ्यापर्यंत पोचला होता.

मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचो. बायको कॉम्प्युटरवाली. तिच्या व्हिसाचं शेपूट धरून अमरावतीहून आलो, काही वर्षं घरात बसून भिंती रंगवल्या, मग इथलं शिकवायचं लायसन काढलं आणि सरकारी शाळेत शिरलो तो केस जाईपर्यंत बाहेर आलो नाही. आता रिटायर आहे. पण दर सप्टेंबरला पानं पिवळी व्हायला लागली की माझा फोन लाल होतो. "काका, मुलीला आर्टमध्ये इंटरेस्ट आहे. समरला कुठे पाठवू?"

ज्यांच्या घरी हे संकट अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथली आर्ट कॉलेजं उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलांसाठी आपली दारं उघडतात. दोन आठवडे, चार आठवडे, सहा आठवडे. मुलं होस्टेलवर राहतात, दिवसभर स्टुडिओत चित्रं काढतात, संध्याकाळी सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावून त्यावर चर्चा होते. तिला क्रिटिक म्हणतात. म्हणजे सतरा वर्षांचं पोर छातीत धडधड घेऊन उभं राहतं आणि बाकीचे त्याच्या चित्राकडे बघून काय दिसतं ते बोलतात. पुढे कॉलेजला अर्ज करताना जो चित्रांचा गठ्ठा लागतो, तो पोर्टफोलिओ, त्यातली बरीचशी चित्रं इथेच होतात. बस, एवढंच. इथे गेलं म्हणून त्याच कॉलेजात पुढे प्रवेश मिळतो असं काही नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या घरात पोपट असता तर तोही रिटायर झाला असता.

पण आपल्या लोकांना हे पटत नाही. हर्नडनच्या एका गृहस्थांनी व्हिडिओ कॉलवर मला एक्सेल शीट दाखवलं. इतकं रुंद, की स्क्रोल करता करता त्यांची पहाट झाली. त्यात 'रँकिंग' होतं, 'एअरपोर्टपासून अंतर' होतं, 'जवळचं इंडियन रेस्टॉरंट' होतं. मी विचारलं, "शिकवणार कोण, हा कॉलम कुठाय?" ते म्हणाले, "तो डेटा अव्हेलेबल नव्हता, काका." मी म्हटलं, "फोन करून विचारा ना." फोन करून विचारायचं! ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना कबुतर पाठवायला सांगितलं.

शुगर लँडच्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला: होस्टेलला एसी आहे का? टेक्सासच्या बाईंना मी हसणार नाही. त्या तिथून बोलत होत्या आणि घाम मला इकडे फुटत होता.

बाकीच्यांना हसतो खरा, पण माझ्याही हातून एकदा चूक झालेली आहे आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. एक मुलगी होती, कापडाच्या बाहुल्या शिवायची. अशा बाहुल्या, की खोलीत ठेवल्या तर आपणच आवाज खाली करून बोलायला लागतो. तिच्या वडिलांना मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव हवं होतं, आणि खरं सांगतो, मलाही ते नाव माझ्या यादीत हवं होतं. पाठवली. दोन आठवडे अंधाऱ्या हॉलमध्ये स्लाइड शो, एक म्युझियम टूर. सुईला दोऱ्याची गाठ पडली नाही. परत येताना तिने युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट आणला. स्वेटशर्ट उत्तम होता. तो अजून टिकलाय म्हणतात. बाहुल्या मात्र तिने त्यानंतर शिवल्या नाहीत.

तेव्हापासून मी कुणाला प्रोग्रॅम सांगण्याआधी मुलाची वही मागतो. पोर्टफोलिओ नाही. वही. जी दाखवायची नसते ती.

तर मैथिली. सोळा वर्षांची, ज्युनियर इयर, म्हणजे आपली अकरावी. तिचे बाबा प्रशांत, मूळचे अकोल्याचे, इथे एका इन्शुरन्स कंपनीत आयटीमध्ये. दोघं ऑक्टोबरातल्या एका शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये आले. प्रशांतच्या हातात फाइल, मैथिलीच्या पाठीवर बॅग आणि चेहऱ्यावर डेंटिस्टकडे आल्याचा भाव.

प्रशांतने खुर्चीत बसण्याआधी फोन काढून मला एक फोटो दाखवला. एका सर्टिफिकेटचा. इंटरमिजिएट ड्रॉइंग, ए ग्रेड.

"तुझं?" मी विचारलं.

"हो काका. शाळेत आम्ही दोघंच होतो ए ग्रेडवाले. दुसऱ्याने म्हणे वशिला लावला होता."

"मग चित्रकार का झाला नाहीस?"

"बारावीला पीसीएममध्ये मार्क पडले ना," तो म्हणाला. जणू अपघात झाला.

मग त्याने फाइल उघडली. मैथिलीची चित्रं. एक सुरई, दोन सफरचंदं, मागे घड्या पडलेलं कापड. दुसरं: एक तांब्या, दोन वांगी, मागे कापड. तिसऱ्यात कापड पुढे आलं होतं. सगळ्यांना पट्टीने आखलेली एक इंचाची चौकट. शेडिंग असं गुळगुळीत, की माशी बसली असती तर घसरून पडली असती. वस्तुचित्राचा पेपर! तीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, जसाच्या तसा.

"छान आहे," मी म्हटलं. "आता खरी चित्रं कुठायत?"

प्रशांत गोंधळला. मैथिलीने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग बॅगेतून तिने एक स्केचबुक काढलं. ते ओलं होऊन वाळलेलं, फुगलेलं होतं, आणि त्याच्या पानांना, देवाशपथ, केस चिकटले होते.

"ते दाखवू नको, बेटा, रफ आहे ते," प्रशांत म्हणाला.

"काका आस्क्ड, बाबा."

ती शनिवारी कुत्र्यांना आंघोळ घालायच्या दुकानात काम करायची. ग्रूमिंग म्हणतात. पण कुत्रा तर हलणार. तो सुरईसारखा बसत नाही. म्हणून ही पोरगी कोळशाने एकावर एक काढत गेली होती: कुत्र्याने मान फिरवली, दुसरी मान काढली. पाय उचलला, तिसरा पाय काढला. एका कुत्र्याला सात पाय, तीन तोंडं, आणि मधोमध साबणाचं पाणी पडून झालेला डाग. मी पान उलटलं आणि, मी अतिशयोक्ती करत नाही, माझ्या तोंडावर पाणी उडालं. कुत्रा अंग झाडत होता.

मी वही पहिल्या पानापासून परत बघायला घेतली, चहा विचारायचाही राहिला. मला ओळखणाऱ्यांना यावरून अंदाज येईल.

त्यानंतर दोन महिने प्रोग्रॅम निवडण्यात गेले. प्रशांतच्या मनात पूर्वेकडचं एक मोठं नाव होतं. असं नाव, की सत्यनारायणाला नुसतं उच्चारलं तरी लोक प्रसादाचा द्रोण खाली ठेवतात. त्या कॉलेजला पूर्ण केलेली, फिनिश्ड, बारा चित्रं हवी होती. मी सुचवलं ते ओहायोतलं एक छोटं आर्ट कॉलेज. नाव सांगितलं तर तुम्ही "कुठे आलं हे?" विचाराल. सहा आठवडे, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर माणूस बसवून चित्रं, आणि अर्जात ते स्केचबुकची आठ पानं मागायचे. कच्चीच. मी फोन करून विचारलं होतं, "पानावर कुत्र्याचे केस असतील तर चालेल?" पलीकडची बाई म्हणाली, "कोणत्या जातीचा कुत्रा?" मी तिथेच ठरवलं.

"दोन्हीकडे अप्लाय करू," प्रशांत म्हणाला. आपल्या माणसाला दोनपैकी एक निवडायला सांगा, तो तिसरा फॉर्म आणतो. मी हो म्हटलं. दोन्ही अर्ज फेब्रुवारीत एकाच रविवारी बंद होणार होते.

त्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. दुपारचे चार वाजले असतील, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दारात मैथिली एकटी. गाडीचं लायसन मिळून तिला तीन आठवडे झाले होते. त्या बर्फात मी स्वतः मेलबॉक्सपर्यंत जात नाही.

"काका," ती म्हणाली, "बाबा फिक्स्ड माय डॉग्ज."

तिने स्केचबुक टेबलावर ठेवलं. मी उघडलं.

सगळ्या कुत्र्यांना चार पाय होते.

प्रशांतने आठवडाभर घरून काम करताना मीटिंगच्या मधे मधे बसून, मुलगी शाळेत असताना, एकेक पान साफ केलं होतं. जास्तीचे पाय खोडले. जास्तीची तोंडं खोडली. साबणाचा डाग ब्लेडने हलकेच खरवडून काढला. केस चिमट्याने उचलले. आणि मग उरलेल्या कुत्र्याला शेडिंग. पट्टीने चौकट. एक इंच. शिवाय स्कॅन करून फॉर्मला जोडून ठेवलं, आणि आदल्या संध्याकाळी मुलीला सरप्राइज म्हणून दाखवलं.

"मी त्याला काहीच बोलले नाही," मैथिली म्हणाली. "ही वॉज सो हॅपी, काका. तो सांगत होता, बघ, आता कुत्रा कसा कुत्र्यासारखा दिसतो." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "आय डोन्ट वॉन्ट टू गो एनीव्हेअर. इट्स फाइन. मी समरला एसएटीचा क्लास करीन."

ते 'इट्स फाइन' मी पूर्वी ऐकलेलं होतं. स्वेटशर्ट घातलेल्या मुलीच्या तोंडून, त्याच सुरात.

मी प्रशांतला फोन लावला आणि बोलावून घेतलं. अर्ध्या तासात तो आला, बुटांना बर्फ तसाच. मुलगी कोपऱ्यात बसलेली दिसली, टेबलावर उघडी पानं दिसली, पण त्याला काही कळेना.

"काय झालं काका? काही चुकलं का? मी एचबी पेन्सिलच वापरली, टूबीचे डाग लागायला नकोत म्हणून."

"प्रशांत, अर्जावर खाली सही करायची असते. सगळं काम माझं स्वतःचं आहे म्हणून. ही पानं आता पाठवता येणार नाहीत. कुठेच."

"अहो, मी नवीन काही काढलं नाही! फक्त साफ केलं. आमचे सर स्वच्छतेचे वेगळे मार्क धरायचे, काका. चांगल्या चांगल्या मुलांचे तिथे जायचे." त्याने मुलीकडे बघितलं. "तुझे जाऊ नयेत म्हणून..."

मैथिली खिडकीतून बाहेर बघत होती.

इथे मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. गणपतीत माइक बंद पडला की मला उभं करतात. पण मी ओरडलो नाही, कारण ते पान माझ्या ओळखीचं होतं. मी त्याला माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली, जी तोवर बायकोलाही सांगितली नव्हती.

आपल्याकडे सर काय करतात? "ऊठ," म्हणतात, आपल्या जागेवर बसतात, पेन्सिल घेतात आणि आपलं चित्र दुरुस्त करून देतात. आपल्याला तो मान वाटायचा. सरांचा हात लागलेलं चित्र आई भिंतीवर लावायची. इथल्या शाळेत लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी 'केली' नावाच्या मुलीला उठवलं आणि तिने काढलेलं नाक सुंदर करून दिलं. असं नाक, की वर्ग गोळा झाला. केलीने कागद उचलला, मधोमध फाडला, नाकाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, "हा भाग तुमचा." उरलेला चेहरा घेऊन ती जागेवर जाऊन बसली. प्रिन्सिपलने मला बोलावून काय काय सांगितलं ते सोडा. त्या दिवसापासून मी मुलांच्या कागदाला हात लावला नाही. शिकवताना हात पाठीमागे बांधून फिरायचो. मुलांना वाटायचं, मिस्टर काका सैन्यात होते. मीही नाही म्हटलं नाही. पुढे पुढे दोन-तीन लढायाही सांगितल्या.

प्रशांत ऐकत होता. मग त्याने ते स्केचबुक जवळ ओढलं आणि चार पायांचा एक कुत्रा निरखला. मीही निरखला. एक गोष्ट कबूल केली पाहिजे: शेडिंग अप्रतिम होतं. तीस वर्षं पेन्सिल न धरलेला हात, आणि तरी उजेड बरोबर तिथेच पडला होता जिथे पडायला हवा.

"खूप दिवसांनी बसलो होतो," तो हळूच म्हणाला. "बरं वाटत होतं. थांबावंसंच वाटेना."

मैथिलीने तेव्हा मान वळवली.

"मोठ्या नावाला बारा फिनिश्ड चित्रं लागतात," मी म्हटलं. "ती दोन दिवसांत होत नाहीत. तुझ्या फाइलीतल्या सुरया आहेत, त्या पाठवता येतील, त्यांना हात तिचा एकटीचा लागलाय. ओहायोला आठ कच्ची पानं. ती उद्या एका दिवसात होतील, तिने ठरवलं तर. पण दोन्ही नाही. सुरया पाठवून ती तिकडे गेली, तर तिथेही तिला सुरयाच काढत बसावं लागेल. बोल."

प्रशांतने टेबलावरचा माझा पेपरवेट तीनदा इकडून तिकडे केला. ते मोठं नाव त्याच्या गळ्यातून खाली उतरताना मला दिसलं. गोळी कडू होती.

"कुत्रे," तो म्हणाला.

"मला नाही काढायचे," मैथिली म्हणाली. "तसे परत येत नाहीत ते. आणि उद्या दुकानात डोनाकडे माणूस कमी आहे, मला धरायला लागतं. कुत्रा धरून ड्रॉ कसं करणार?"

"मी धरतो," प्रशांत म्हणाला.

मैथिलीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो चंद्रावर जातो म्हणाला. "बाबा. तू?"

तेव्हा मला कळलं की अकोल्याला सातवीत असताना ह्या माणसाला कुत्रं चावलं होतं. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतलेला माणूस. शेजाऱ्यांचा मूठभर पमेरियन दिसला तरी तो रस्ता ओलांडतो, हे अख्ख्या सबडिव्हिजनला, म्हणजे कॉलनीला, ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी मीच दोघांना गाडीत घालून दुकानात नेलं, कारण मैथिली अजून बापाच्या गाडीत बसायला तयार नव्हती. दुकानाची मालकीण डोना, मनगटं माझ्या मांडीएवढी. तिने प्रशांतला रबरी एप्रन दिला आणि म्हणाली, धरणार असशील तर थांब, नाहीतर दाराबाहेर. पहिलं गिऱ्हाईक आलं, सेंट बर्नार्ड. नाव बिस्किट, आकार बेकरीचा. वजन चारशे पाउंड. बायको मागून म्हणतेय इतकं नसतं. बरं, दोनशे लिहितो, पण पाण्यात भिजल्यावरचं धरा.

प्रशांतने त्याला मिठी मारली. दुसरा इलाज नव्हता. डोळे गच्च मिटलेले, मान शक्य तितकी लांब, ओठ काहीतरी पुटपुटतायत. मला वाटतं रामरक्षा, पण मधे एक पासवर्डही ऐकू आला. बिस्किटाने अंग झाडलं, प्रशांत आडवा झाला, उठला, परत धरलं. संध्याकाळपर्यंत अकरा कुत्रे. त्याने एकदाही मुलीच्या कागदाकडे बघितलं नाही. बघण्याच्या स्थितीत तो नव्हताच म्हणा.

आणि मैथिली? पहिला तासभर तिने कोळसा हातात धरून ठेवला. काही काढलं नाही. मी कुत्र्यांच्या बिस्किटांचे डबे वाचत उभा होतो. मग तिसऱ्या कुत्र्याला बापाचा पाय घसरला, तो एका हाताने नळ आणि दुसऱ्याने कुत्रा धरून लोंबकळला, आणि मागून मला कोळशाचा आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. मी वळलो नाही. ह्या धंद्यात ती एवढी एक गोष्ट मला नीट येते.

आठ पानं रविवारी गेली. मीच फोटो काढले. केसांसकट.

एप्रिलमध्ये ओहायोचं उत्तर आलं, घेतलं म्हणून. सहा आठवडे ती तिकडे होती. जुलैच्या शेवटी मुलांचं प्रदर्शन असतं, आईबापांना बोलावतात. प्रशांत आणि त्याची बायको रश्मी निघाले, आणि मी मागच्या सीटवर. माझं काय काम होतं? काही नाही. सात तास बोलायला कुणीतरी लागतं.

मोठी पांढरी भिंत, तिच्यावर मैथिलीचं एकच चित्र. माणसाच्या उंचीचं. कोळशाने. पाण्यातून वर येणारा एक अवाढव्य कुत्रा, पाय मोजायला गेलो तर नऊपर्यंत पोचलो. त्याला धरलेला एक माणूस, त्यालाही चारपाच हात, चेहरा अर्धा पुसलेला. वहीतल्या पानांवरून नव्हे, आठवून काढलेलं. स्मरणचित्र, आमच्या काळी म्हणायचे.

प्रशांत समोर उभा राहिला. मी बाजूने बघितलं तर त्याने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं.

मैथिली आली. कोपरापर्यंत काळी. "बाबा, सांग ना."

"काय सांगू? चांगलं आहे. छानच आहे."

"तसं नाही. इथे तसं नसतं. चांगलं-वाईट नाही म्हणायचं, फिक्स नाही करायचं. जस्ट, काय दिसतं ते सांगायचं."

त्याने परत चित्राकडे बघितलं. मला वाटलं आता जास्तीच्या पायांवर येणार.

"घाबरलाय तो," प्रशांत म्हणाला.

"कोण? कुत्रा?"

"नाही. धरणारा. फार घाबरलाय." तो जरा पुढे वाकला. "पण सोडत नाहीये."

मैथिलीने नुसतं त्याच्या शर्टाच्या बाहीला धरलं, आणि त्या पांढऱ्या, इस्त्रीच्या बाहीवर काळी पाच बोटं उमटली. रश्मी चटकन पर्समधून टिश्यू काढायला लागली.

"राहू दे," प्रशांत म्हणाला.